‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम’

गृहकर्जाचा एजंट आपल्याकडून पैसे घेत नाही. त्याला पैसे बँक देते, तेही कर्ज प्रत्यक्ष उचललं गेलं की, त्या रकमेवर ठरलेल्या टक्केवारीने. या धंद्यात त्याला ‘पेआउट’ म्हणतात. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे कमिशन म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या एका गोष्टीवरून एखाद्या माणसाचं बोलणं, गप्प बसणं आणि घाई करणं हे सगळं कसं ठरतं, ते २०२५ च्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत जवळून बघायला मिळालं.

फ्लॅट सिंहगड रस्त्यावर आनंदनगरच्या बाजूला, रिसेलचा. १९९८ ची इमारत, दोन बेडरूम, लिफ्ट मागाहून बसवलेली. विकणारे काका-काकू मुलाकडे बंगळूरला कायमचे राहायला निघाले होते. त्यांनी तो २००७ मध्ये घेतलेला, म्हणजे ते दुसरे मालक आणि आम्ही तिसरे. भाव ६८ लाखांवर तुटला. दोन लाख विसार दिला आणि विसारपावतीवर लिहिलं की दसऱ्याच्या आत साठेखत, म्हणजे विकण्याचा करार, आणि दिवाळीनंतर खरेदीखत, म्हणजे प्रत्यक्ष विक्री. काकूंची वेगळी एक तोंडी अट होती: पितृपक्षात कशावरही सही करणार नाही. आम्ही मान्य केली. मुहूर्त पाळणाऱ्या माणसाशी व्यवहार करणं एकवेळ सोपं असतं, तारखा तरी पक्क्या कळतात.

पैशाचं गणित साधं होतं. ३० लाखांपासून ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ५४ लाख कर्ज, १४ लाख घरचे, आणि वरचा खर्च वेगळा. माझा पगार आणि नवऱ्याचा नऱ्ह्याला फॅब्रिकेशनचा छोटा धंदा, असं दोघांचं उत्पन्न मिळून हे कर्ज बसत होतं.

फ्लॅट दाखवणाऱ्या इस्टेट एजंटनेच सांगितलं, “लोनसाठी आपला माणूस आहे. तुम्हाला बँकेत पाय ठेवायला लागणार नाही.” हा माणूस दुसऱ्याच दिवशी घरी आला. तिशीतला, हसतमुख, हातात दोन फोन. चहा घेता घेता त्याने माझ्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, बँकेचं स्टेटमेंट, नवऱ्याची तीन वर्षांची रिटर्न्स आणि ताळेबंद असं सगळं नीट लावून घेतलं. काम स्वच्छ होतं, हे कबूल करायला हवं. आम्ही त्याला एकच सांगितलं: अमुक राष्ट्रीयीकृत बँक, तिथेच कर्ज घ्यायचंय. माझं पगाराचं खातं तिथेच आहे. “होऊन जाईल मॅडम, फाइल लॉगिन करतो,” म्हणाला.

गणपती बसायच्या आधी फाइल गेली. आणि मग माझ्या फोनवर मेसेज यायला लागले. तुमचा क्रेडिट रिपोर्ट अमुक संस्थेने पाहिला. तुमचा क्रेडिट रिपोर्ट तमुक बँकेने पाहिला. रिपोर्ट कुणी उघडला की ग्राहकाला कळवायचं, हा नियम २०२४ पासून आहे. तो नसता तर मला पत्ताही लागला नसता. त्यातली काही नावं मी जाहिरातीतसुद्धा वाचलेली नव्हती. मी फोन केला.

“अहो, आम्ही एकाच बँकेचं सांगितलं होतं ना?”

“मॅडम, चार ठिकाणी टाकली की एक तरी लागतंच. टेन्शन घेऊ नका.”

टेन्शन त्याला नव्हतंच. प्रत्येक ठिकाणी अर्ज गेला की त्याची नोंद आपल्या रिपोर्टवर बसते, आणि थोड्या काळात अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की हा माणूस कर्जासाठी वणवण करतोय असा अर्थ निघतो. आपल्याकडे अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. मी सिबिलचा काढला. स्कोअर काही कोसळला नव्हता, थोडा उतरला होता. पण पुढे बँकेने या प्रत्येक चौकशीचा लेखी खुलासा मागितला, आणि तो मला लिहून द्यावा लागला, की मी या संस्थेकडे कर्ज मागितलेलं नाही, या संस्थेकडेही नाही, आणि याही संस्थेकडे नाही. जे मी केलंच नव्हतं त्याचा खुलासा.

गणपतीत त्याचे फोन नियमित यायचे. विषय मात्र एकच, एक गृहवित्त कंपनी. “सरकारी बँकवाले रिसेलला लटकवतात मॅडम. सरांचं धंद्याचं उत्पन्न ते धरतच नाहीत. इथे तीन दिवसांत सँक्शन.” व्याज किती, तर साडेआठच्या थोडं वर. बँकेत तेव्हा साडेसातच्या आसपास मिळत होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, साडेसहावरून साडेपाचवर आणला होता आणि बँकांचे दर त्यामागोमाग उतरले होते. कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधावीच लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलून द्यावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो, तो कधी उतरवायचा ते त्याच ठरवतात. मी त्याला हे विचारलं तेव्हा म्हणाला, “मॅडम, टक्का-सव्वा टक्क्याने काय फरक पडतो?”

मी कागद घेऊन बसले. ५४ लाख, २० वर्षं. साडेसातने हप्ता साधारण ४३,५००. आठ पूर्णांक सहाने ४७,२००. महिन्याला ३,७०० रुपये, वीस वर्षांत जवळपास नऊ लाख. हा कागद मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

याच सुमारास त्याने दुसरी एक गोष्ट ठासून सांगितली, जिने आमचे ६८ हजार गेले असते. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सवलत आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत सातऐवजी सहा टक्के. आमचं ठरलेलं होतं, फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, कर्जात नवरा सहकर्जदार. हा म्हणाला, “चालणार नाही. सर को-अ‍ॅप्लिकंट आहेत म्हणजे करारनाम्यात नाव लागतंच. बँकेचा रूल आहे.” एवढ्या ठामपणे म्हणाला की नवरा म्हणाला, जाऊ दे, टाकू दोघांची नावं. मी बँकेच्या जवळच्या शाखेत जाऊन नुसतं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, की जो मालक आहे तो कर्जदार असायलाच हवा; जो कर्जदार आहे तो मालक असलाच पाहिजे असं नाही. फक्त मालक नसलेल्याला व्याजाची करसवलत मिळत नाही. तर नवरा आधीच नव्या करप्रणालीत आहे, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट कुणालाच नाही. प्रश्न मिटला. एजंटला हा नियम खरंच माहीत नव्हता की दोन नावांची फाइल त्याला इतर ठिकाणी फिरवायला सोपी जात होती, ते मला आजही कळलेलं नाही.

बँकेने आमच्या उत्पन्नावर तत्त्वतः मंजुरी दिली. नवऱ्याचं धंद्याचं उत्पन्न धरलं, व्यवस्थित धरलं. आता उरलं होतं मालमत्तेचं, म्हणजे बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट आणि इंजिनिअरचं मूल्यांकन. याला हे लोक एका दमात ‘लीगल-टेक्निकल’ म्हणतात. इंजिनिअर येऊन मापं घेऊन गेला, बाल्कनी बंदिस्त केली आहे का ते बघून गेला. आणि त्यानंतर शांतता.

पितृपक्ष लागला. मी सकाळी ऑफिसला जाताना मेसेज टाकायचे, काही कळलं का? संध्याकाळी उत्तर यायचं: ‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम.’ नवऱ्याने फोन केला तर ‘मीटिंगमध्ये आहे सर, कॉल करतो’. काकांचा मला फोन. काका जुन्या वळणाचे, थेट विचारायचे नाहीत. “सहज फोन केला. मुलगा विचारत होता, पॅकर्सवाल्यांना कधीची तारीख द्यायची.” मी त्यांनाही तेच सांगायचे, प्रोसेसमध्ये आहे. दुसऱ्याचं पोकळ वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडतं तेव्हा त्याची खरी चीड येते.

मग एका संध्याकाळी तो स्वतःहून आला, पेढे घेऊन. त्या गृहवित्त कंपनीचं सँक्शन लेटर आणलं होतं. आम्ही मागितलेलं नसताना. “सरकारीवाल्यांचं काही खरं नाही मॅडम. दसरा तोंडावर आलाय. हे तयार आहे. सोमवारी साठेखत रजिस्टर करून टाका, आठवड्यात चेक काढून देतो.”

इथे जरा थांबून सांगते, कारण ज्यांनी घर घेतलेलं नाही त्यांच्या हे लक्षात येत नाही. सँक्शन लेटर म्हणजे कर्ज मिळालं असं नाही. ते तुमच्या उत्पन्नाकडे बघून दिलेलं असतं. घराचे कागद स्वच्छ आहेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं, उलट ‘मालमत्तेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी समाधानकारक झाल्यास’ अशी ओळ असते. आणि आपल्याकडे स्टँप ड्युटी पूर्ण भरावी लागते ती साठेखतालाच. मागाहूनचं खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होतं. म्हणजे तपासणीच्या आधी साठेखत नोंदवलं तर माझे चार लाख आठ हजार ड्युटीचे आणि तीस हजार नोंदणीचे सरकारजमा होणार, काकांना दिलेली रक्कम अडकणार, आणि मग कागदात खोट निघाली तर दुसरा कर्ज देणारा शोधायला माझ्याकडे वेळच उरणार नाही. जो देईल त्याच्याकडून, जे मागेल त्या व्याजाने. घाई करण्यामागचं गणित इतकं सरळ होतं की त्याला वाईट म्हणायलाही कष्ट पडत नव्हते.

मी त्याच्याकडे मुख्य तथ्य विवरणपत्र मागितलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला ते देणं सक्तीचं आहे: सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हप्त्यांचा तक्ता, विमा किंवा वकिलाची फी असं तिसऱ्याला जाणारं काही असेल तर तेही, आणि सगळं कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सही करायच्या आधी, विचार करायला निदान तीन कामाचे दिवस ठेवून. तो म्हणाला, “ते डिस्बर्सच्या वेळी येतं मॅडम, सिस्टीममधून.” मी म्हटलं, मग सिस्टीममधून आल्यावरच बोलू. दोन दिवस कुरकुर करून त्याने ते पाठवलं. त्यात कर्जाची रक्कम ५४ लाख नव्हती. दोन लाखांच्या आसपासचा एकरकमी विम्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला होता. म्हणजे विमाही आमचा, आणि त्यावर वीस वर्षं व्याजही आमचं.

“हे काय?”

“कंपल्सरी आहे मॅडम. उद्या सरांना काही झालं तर?”

सर समोरच बसले होते. त्यांनी पेढ्याचा बॉक्स झाकला. विमा सक्तीचा नसतो, घ्यायचा असेल तर कुठूनही घेता येतो, हे मी शांतपणे सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू नव्हतं.

घटस्थापना झाल्यावर मी अर्धी रजा टाकून बँकेच्या गृहकर्ज केंद्रात गेले. शाखेत नव्हे, मोठ्या बँकांत फाइली आता अशा केंद्रात जातात, आणि तिथे ग्राहकाने जायचं नसतं असा एक समज एजंट लोकांनी करून ठेवलेला आहे. तसं काही नाही. वॉचमनने नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं. टेबलावरच्या अधिकारी मॅडम माझ्याच वयाच्या असतील. अर्जाचा क्रमांक टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“क्वेरी तर आम्ही कधीच पाठवली. तुमच्या एजंटला मेल आहे. तुमच्याकडूनच काही आलं नाही.”

मेलची तारीख पितृपक्ष लागला त्या आठवड्यातली होती. म्हणजे ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं तो मला रोज लिहीत होता तेव्हा प्रोसेस त्याच्याच खिशातल्या फोनमध्ये पडून होती. खरंच विसरला म्हणावं, तर त्याच दिवसांत दुसऱ्या कंपनीची फाइल त्याने पेढ्यांपर्यंत पोहोचवली होती. तिथला पेआउट बँकेपेक्षा जास्त असतो, असं मला पुढे त्याच धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं. सिद्ध मी काहीच करू शकत नाही. मत मात्र आहे.

आणि क्वेरी तरी काय? बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला १९९८ चा मूळ करारनामा फाइलमध्ये नव्हता, नुसती झेरॉक्स होती. काका-काकूंनी २००७ मध्ये घर घेतलं ते निवृत्तीच्या पैशातून, कर्ज न काढता, त्यामुळे मूळ प्रत कुठे आहे असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या मालकाचा आता पत्ता नाही. अशा वेळी बँकेचे वकील काय मागतात ते ठरलेलं आहे: दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित नक्कल, मूळ दस्त हरवल्याची पोलिसांत नोंद, विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एका मराठी आणि एका इंग्रजी, १४ दिवसांत कुणाची हरकत असल्यास कळवावे म्हणून. यातलं एकही काम अवघड नाही. पण त्या १४ दिवसांना पर्याय नाही. पैसे देऊन, ओळख काढून, हात जोडून ते बारा होत नाहीत. मेल आला त्या दिवशी आम्हाला कळलं असतं, तर मी त्या केंद्रात बसले होते तेव्हा नोटिशीची मुदत संपतही आली असती आणि दसऱ्याला साठेखत झालं असतं.

मी अधिकारी मॅडमना माझा मेल आणि फोन लिहून दिला, यापुढे प्रत्येक क्वेरी मलाही पाठवा म्हणून. “आधीच द्यायचा होता,” म्हणाल्या. फॉर्म काढून दाखवला. संपर्काच्या रकान्यात फोन नंबर माझा होता. मेलच्या जागी एजंटचा पत्ता होता. अक्षर त्याचं.

पुढचे दिवस मला तुटक तुटक आठवतात. नक्कल सोपी निघाली. काकांच्या २००७ च्या करारनाम्यात आधीच्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली होती, ती घेऊन हवेली तालुक्याच्या ज्या निबंधक कार्यालयात नोंदणी झाली होती तिथे अर्ज केला, फी भरली, आणि १९९८ चा तो दस्त, बिल्डरच्या सहीसकट, प्रमाणित शिक्क्याने हातात आला. पोलीस चौकीत काकांना स्वतः यावं लागलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, कधी चौकीची पायरी चढलेला नाही. बाकावर बसून सारखा रुमालाने चष्मा पुसत होता. जाहीर नोटीस छापून आली त्या दिवशी काकूंचा फोन. “अठरा वर्षं कुणी काही विचारलं नाही, आणि आता पेपरात नाव छापून आणलंत. मुलाच्या सासूने वाचलं, तिला वाटलं आमच्यावर कर्ज आहे.” मी संध्याकाळी जाऊन नोटिशीचा अर्थ समजावला. त्यांनी ऐकून घेतलं, सरबत दिलं, पण बोलण्यातला मोकळेपणा गेला होता आणि तो बरेच दिवस गेलेलाच राहिला. दसऱ्याची मुदत टळणार हे त्यांनाही दिसत होतं. विसाराची मुदतवाढ त्यांनी लिहून दिली, एक पैसा न वाढवता. तेव्हा तिसरंच कुणी सत्तर लाखांना तयार आहे असं इस्टेट एजंट त्यांच्या कानावर घालत होता, हे मला काकांनी खूप नंतर सांगितलं.

नोटीस सुरू असताना कर्जाचा एजंट परत उगवला. मी केंद्रात जाऊन आले हे त्याला कळलं होतं. ओरडला वगैरे नाही. उलट गोड. “मॅडम, मला सांगायचं ना, मी घेऊन गेलो असतो.” मग हळूच, लीगल क्लिअर करून घ्यायला ‘फाइल चार्जेस’ लागतील, पंधरा हजार, रोख. वकिलांना सांभाळावं लागतं म्हणे. मी म्हटलं, पावती मिळेल का? “पावती कसली मॅडम, हे वरचं असतं.” मी अधिकारी मॅडमना फोन लावून स्पीकरवरच विचारलं, की प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी आणि वकील-इंजिनिअरची जी फी बँकेने कापली, त्याव्यतिरिक्त काही भरायचं आहे का? “काही नाही. कुणी मागतंय का?” एजंट तोवर चपला घालत होता.

नोटिशीला कुणाची हरकत आली नाही. वकिलांचा अहवाल आला, मूल्यांकन व्यवहाराच्या रकमेला धरून निघालं. वसुबारसेच्या सुमारास साठेखत नोंदवलं. दिवाळीच्या तोंडावर निबंधक कार्यालयात जी गर्दी असते तिच्याबद्दल काय लिहायचं. अंगठे, फोटो, साक्षीदार, सर्व्हर बंद, सर्व्हर चालू. काका मात्र एका गोष्टीवर अडले. ५० लाखांवरच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, म्हणजे त्यांच्या ६८ लाखांतले ६८ हजार मी परस्पर भरणार. ते त्यांना पटेना. “माझे पैसे तू का भरणार?” या टीडीएसचं सव्वीस क्यूबी चलन दाखवलं, ते तुमच्याच पॅनवर जमा दिसेल म्हणून सांगितलं, तरी मुलाने फोनवर हो म्हटल्यावरच सही झाली. त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं. विचारल्याशिवाय सही न करणारा आमच्या व्यवहारात मी सोडून दुसरा माणूस तेच.

दिवाळीनंतर बँकेने रक्कम सोडली, खरेदीखत झालं, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर बँकेकडे गहाण असल्याची निबंधकांना द्यायची सूचना, नोंदवली. तीस दिवसांत ती नोंदवायची असते. एजंटने त्यासाठीही ‘माझा माणूस करून देतो’ असा मेसेज टाकला होता. ती मी ऑनलाइन केली.

बँकेकडे मी लेखी तक्रार दिली: न मागितलेल्या ठिकाणी अर्ज, क्वेरी दडवणं, रोख मागणी, तारखांसह. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. गृहवित्त कंपनीची तक्रार वेगळ्या दारात, राष्ट्रीय आवास बँकेच्या पोर्टलवर जाते. तीही केली. बँकेचं उत्तर मुदतीत आलं: ‘संबंधित प्रतिनिधीस योग्य ती समज देण्यात आली आहे.’ मी अधिकारी मॅडमना विचारलं, मग याचा पेआउट? त्यांनी खांदे उडवले. लॉगिनच्या वेळी फाइलला त्याचा कोड लागला होता, तो मधेच काढता येत नाही. म्हणजे नक्कल मी काढली, चौकीत काका बसले, नोटीस माझ्या पैशाने छापली, आणि ५४ लाखांवरची टक्केवारी त्याच्या खात्यात जमा झाली.

रक्कम सुटली त्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला. अभिनंदन, फुलं, फटाके, आणि खाली: ‘मॅडम, दोन रेफरन्स द्या ना प्लीज.’

मी काही दिले नाहीत. त्याने ते स्वतःच शोधले. पंधरवड्याने बंगळूरहून काकांचा फोन आला, बऱ्याच दिवसांनी आवाज मोकळा होता. मुलगा तिकडे मोठा फ्लॅट बघतोय, आणि पुण्याहून कर्जवाला तो मुलगा सारखा फोन करतोय, बंगळूरलाही माझी माणसं आहेत म्हणतो, घरपोच सगळं करून देतो. “चांगला आहे का गं तो? तुझं काम त्यानेच केलं ना?”

मी म्हटलं, काका, पेन घ्या, आणि त्यांना बँकेच्या वेबसाइटवरून बंगळूरच्या गृहकर्ज केंद्राचा लँडलाइन नंबर कसा काढायचा ते सांगायला लागले.